वाचून दाखवणाऱ्याची सही

दिवा, ५ जानेवारी

क्षिप्रा,

तुझी अट मान्य. फोन नाही, मेसेज नाही. जे बोलायचं ते कागदावर, हाताने लिहून, पोस्टाने. तू बोललेलीस, "दिवसाला चाळीस मेसेज टाकतोस, वीस भांडणाचे, वीस माफीचे. पत्र सेव्हिलला पोचायला दहा दिवस लागतील, तोवर तुझं डोकं तरी थंड होईल."

झालेलं नाही. पाकिटाला किती तिकीट लागेल हे विचारायला गेलेलो, तर पोस्टातला माणूस विचारतो, स्पेन कुठं आलं. मी बोललो, पोर्तुगालला लागून. तो बोलला, आणि पोर्तुगाल? माझं सटकलं. बोललो, वसईत दोनशे वर्षं बसलेले ते, आपल्या खाडीतून गलबतं न्यायचे, तुम्हाला ते कुठले हेही माहीत नाही? मागे लाइन होती. एक काकू बोलल्या, "इतिहास घरी जाऊन शिकव रे बाबा, मला मनीऑर्डर करायचीय." तू असतीस तर हसली असतीस. मी मात्र त्यांच्याशीही भांडलो.

इकडचं सांगतो. दिव्यातली खोली तीच. पाणी एक दिवसाआड, चाळीस मिनिटं. आत्या माझ्यासोबतच आहे. पप्पा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, एकविसाव्या मजल्यावर. तिथून आमच्या गावाचं काहीच दिसत नाही, कारण टॉवर गावावरच उभा आहे. पप्पा दर रविवारी फोन करून बोलतात, "आवडाबाईला घेऊन ये, तिची वेगळी खोली ठेवलीय." आत्या बोलते, "मी त्या डब्यात बसून वर नाय जानार." डबा म्हणजे लिफ्ट. खरं कारण ते नाही. टॉवर उभा झाल्यावर शेवटी उरलेलं तिचं घर जेसीबीने पाडलं, त्या जागेवर आता टॉवरच्या गाड्या लागतात.

कामाला कल्याणला जातो. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाहेर प्रभाकरशेठचं टायपिंगचं दुकान आहे, तिथं. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला एवढंच मिळतं. खरेदीखत, भाडेकरार, हक्कसोड. दिवसातून वीसदा तीच ओळ टाइप करतो: सदर दस्त वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.

तू तुझ्या बाबांशी अजून बोलत नाहीस ना? बरोबर करतेस. वकील असून जमिनीच्या कागदात आत्याची फसवणूक करणाऱ्या माणसाशी काय बोलायचं. सव्वा वर्ष झालं, पण कोर्टाच्या आवारात त्यांच्या कानाखाली मारलेली तिचा मला पस्तावा नाही.

तिकडे थंडी आहे का? राखाडी स्वेटर नेलास का? हे विचारायला पाच ओळी आधी सुरुवात करणार होतो. राहून गेलं.

नयन


दिवा, २७ जानेवारी

क्षिप्रा,

तुझं पत्र आलं. साडेतीन पानं, आणि त्यात आपल्याबद्दल दोन वाक्यं. मोजली मी. बाकी सगळी जहाजं.

चिडून नाही लिहीत. ती जहाजं मी तीनदा वाचली. तुझ्या बाई तिथल्या जुन्या दप्तरखान्यात तुला ज्या वहीची नक्कल करायला लावतायत ती, आफ्रिकेतल्या लुआंडाच्या बंदरातली. गुलाम म्हणून न्यायच्या माणसांना जहाजात भरायच्या आधी ओळीत उभं करायचे, पाद्री एकेकाला नव्या नावाची चिठ्ठी द्यायचा, जिभेवर मीठ ठेवायचा आणि डोक्यावर पाणी ओतायचा. मग दुभाष्या त्यांच्या बोलीत सांगायचा, आता तुम्ही देवाची लेकरं झालात, गाव विसरा, खुशीने चला.

हे मी आत्याला सांगितलं. तुला माहितीय, तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलंय, गुडघाभर खाऱ्या पाण्यात. भाकरी थापत होती, थांबली.

"मीठ खाया दिला आनि तसाच नेला?"

"हो."

"कोनी दिला, त्याला लाज नाय वाटली? ज्याला मीठ दिला त्याला कोन इकतं?"

मग माझ्याकडे वळून, "आनि तो बोलनारा? त्यांच्यातलाच ना तो? त्यांची बोली बोलत व्हता म्हंजे त्यांच्यातलाच."

मी बोललो, असेल. भाकरी करपली. ती कधी करपवत नाही.

तुला आठवतं, टीवायला तू वर्गात स्पॅनिश लोकांच्या त्या जाहीरनाम्यावर बोललेलीस? किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथल्या लोकांना त्यांना न कळणाऱ्या भाषेत तो वाचून दाखवायचा. ही जमीन आता आमच्या राजाची, मानलंत तर ठीक, नाही तर तुम्हाला आणि बायकापोरांना गुलाम करू, आणि जे होईल तो दोष तुमचा. कधी कधी तर माणसं पळून गेलेल्या रिकाम्या झोपड्यांना वाचून दाखवायचे. वर शेजारी नोटरी उभा, वाचलं म्हणून लिहून द्यायला. सगळा वर्ग हसला. मी बाक लोटून बाहेर गेलो आणि परत कॉलेजला आलोच नाही. तू मागून जिन्यापर्यंत पळत आलीस. रडत बोललीस, "मला कळतंय तुला काय होतंय."

तुला नव्हतं कळलं.

तू पत्रात विचारलंयस, "राजाचं नाव आहे, कप्तानाचं आहे, नोटरीचंही आहे. दुभाष्याचं कुठंच नाही. आपल्याकडच्या कागदांवर वाचून दाखवणाऱ्याचं नाव असतं का रे?"

असतं. खाली, डाव्या कोपऱ्यात. कुणी बघत नाही.

दुकान उघडायची वेळ झाली, थांबतो. तुझ्या त्या दोन वाक्यांतलं दुसरं, "तुझ्यावर रागावताना मला सोपं जात नाही," हे कुठल्या अर्थाने लिहिलंस तेवढं कळव.

नयन


दिवा, १६ फेब्रुवारी

क्षिप्रा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

परवा शीलाकाकूंचा फोन आला. तुझी आई मला फोन करते म्हणजे काहीतरी मोठं असणार हे नंबर बघूनच कळलं. बोलल्या, "नयन, ह्यांची बायपास आहे, दहा मार्चला. क्षिप्रा आमचे फोन उचलत नाही. मेल केली तर वाचत नाही. तुझं ऐकते ती. तू कळव. आणि ह्यांना सांगू नकोस मी फोन केला ते."

मी काल डोंबिवलीला गेलो. जिन्यात तीनदा मागे फिरलो. दार तुझ्या बाबांनीच उघडलं. बारीक झालेत. माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि टीपॉयवर ठेवला.

"गेल्या वेळी फुटला होता," बोलले. "आता बोल. चहा आधी की तुझं काम आधी?"

मी उभाच. काकूंनी चहा आणला, तोही तसाच हातात.

मी बोललो, "तुम्ही तिला तो कागद का नाही दाखवलात?"

त्यांनी फायलीतून झेरॉक्स काढली, म्हणजे हाताशीच होती. "दाखवला असता तर काय झालं असतं? ती माझ्याकडे परत आली असती. पण कशी? मान खाली घालून. बापावर उगाच संशय घेतला म्हणून, आणि ज्याच्यासाठी घेतला तो असा निघाला म्हणून. एका दिवसात दोन्ही. मला वाटलं, तू सांगशील. तापट आहेस, पण खोटा नाहीस अशी माझी समजूत होती." मग हसले. "सव्वा वर्ष वाट बघतोय. पक्षकाराने इतक्या तारखा घेतल्या असत्या तर मी केस सोडली असती."

मी रडलो. ते बघत बसले नाहीत, खिडकीकडे गेले. तिकडे तोंड करून बोलले, "माझीही चूक आहे. त्या दिवशी टोकन घ्यायला मी उठायला नको होतं. वाचून दाखवणं वकिलाचं काम. तुझ्यावर टाकलं."

ती झेरॉक्स या पत्रासोबत पाठवतोय. शेवटचं पान आहे. डाव्या कोपऱ्यात बघ.

आता सांगतो. गाळायचं नाही असं ठरवून बसलोय.

आमच्याकडे भाऊ जमीन विकतो तेव्हा बहिणी हक्कसोड करून देतात. कुणी जबरदस्ती करत नाही. बहीण सही करते, भाऊ लुगडं-चोळी देतो, आणि तिचं माहेर शाबूत राहतं. नाही केली तर भाऊ वाईट बोलत नाही, फक्त सणाला बोलावत नाही. आत्या ठाण्याच्या ऑफिसात आली ती लग्नाला यावी तशी. पप्पांनी दिलेलं हिरवं लुगडं नेसून. सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट, कारण "पोऱ्या उपाशी असल."

तुझ्या बाबांनी मला बाजूला घेतलं. शब्दन् शब्द आठवतो. "नयन, तू शिकलेला आहेस. हे त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांग. मुख्य म्हणजे घराचं. त्यांचं राहतं घरही यात जातंय. त्या नको म्हणाल्या तर मी लगेच थांबवतो, तुझे पप्पा काळुरामशेठ काहीही म्हणोत." आणि ते टोकनसाठी गेले.

मी वाचायला लागलो. सदर मिळकत तीमधील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह. ते शब्द ऐकून आत्याने हात जोडले. तिला वाटलं मंत्र आहे, भटजी पूजेत म्हणतो तसला. मला हसू आलं. खरंच आलं, क्षिप्रा. पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती, तीवरील राहत्या घरासह. मी ती बघितली. पप्पा समोरून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात तुझा मेसेज आला: तलावपाळीला पोचले, किती वेळ.

मी दोन पानं एकदम उलटली.

आत्याने विचारलं, "त्यान माझा घर नाय ना रं?"

मी बोललो, "नाय गो आत्या."

मला टॉवरमधला फ्लॅट दिसत होता. तुझ्या घरी येऊन, खुर्चीत बसून, माझं स्वतःचं घर आहे असं सांगणारा मी दिसत होतो. वाटलेलं, नंतर पप्पांशी बोलून आत्याचं काहीतरी करू. नंतर या शब्दाच्या भरवशावर मी ते केलं. आणि तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगायचो. तू कधी मागितलं नव्हतंस. तू तर बोललेलीस, आपण कुठंही राहू.

अजून एक आहे. अंगठा मशीनवर ठेवायचा असतो. आत्याचा मशीन घेईना. मिठात काम करून रेषा झिजल्यात तिच्या. एकदा ठेवला, नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा क्लार्क बोलला, "आजी, तुम्ही आहात का नक्की?" सगळे हसले, आत्याही. मशीन तीनदा नाही बोललं. चौथ्या वेळी मी तिचा अंगठा माझ्या हातात धरला आणि दाबला.

मग कागदावर शाईचा अंगठा, तोही मीच धरून, आणि डाव्या कोपऱ्यात माझी सही. वाचून दाखवणार, नयन काळुराम.

तिथून पळत तुझ्याकडे आलो. तू माझी बोटं बघून विचारलंस, ही निळी शाई कसली. मी बोललो, पेन लीक झालं.

सहा महिन्यांनी घर पाडायला आले तेव्हा आत्या दारात उभी राहून माझं नाव घेऊन सांगत होती, "माझ्या पोऱ्यानी वाचलाय कागुद, त्यान घर नाय." माझ्याच्याने ते ऐकवेना. कुणाला तरी मारायला हवं होतं. तसाच कोर्टात गेलो, तुझे बाबा समोर होते.

तू माझ्या बाजूने उभी राहिलीस. भर आवारात. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू माझा हात धरलेलास, आणि तो सुटला असता.

बाबांना फोन कर. दहा मार्चच्या आधी. मला काही लिहू नकोस, तिकिटाचे पैसे वाचव. राखाडी स्वेटर तुझा होता की माझा, तेही आता राहू दे.

नयन


दिवा, १८ मार्च

क्षिप्रा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं माहीत नाही. तू डोंबिवलीत आहेस की परत गेलीस, तेही नाही. बाबा बरे आहेत हे शीलाकाकूंच्या मेसेजवरून कळलं. "ऑपरेशन नीट झालं. क्षिप्रा आली." त्याच्यापुढे काही नव्हतं. दोन दिवस मी तोच मेसेज उघडून बघत होतो, पुढे काही येतंय का म्हणून.

काल दुकानातून आलो. पाण्याचा दिवस होता, तरी आत्याने हंडे भरलेले नव्हते. खाटेवर बसलेली. बाजूला स्टीलच्या वाटीत मीठ, जाडं, आपल्यापेक्षा पांढरं.

"कोणी दिलं?"

"तुजी पोरगी आलेली. तिकरं पन मिठागरा हात बोलली, काडीज का कायतरी. तिकरचा मीठ. चाखून बघ. आपल्यापेक्षा कमी खारट हाय."

मी दार तसंच उघडं टाकून खाली धावलो. बोळ, रिक्षा स्टँड, पूल. आत्या मागून ओरडली, "ती दुपारची गेली रं, कं धावतंस?" तरी स्टेशनापर्यंत गेलो.

परत आलो तर तिच्या मांडीवर माझी पत्रं होती. तिन्ही. मला वाटलं, नुसती परत दिलीस.

"तिनी इचारला," आत्या बोलली, "आत्या, ही पत्रा तुमची पन हात. वाचून दावू का? मी बोलली, दाव. पोऱ्या कं लिवतंय मना तरी कलू दे."

"किती वाचलं?"

"सगला. भांडान वाचला, मीठ वाचला. मंग ती तिसरी घेतली. मधी थांबली, पानी पिली, पुन्ना वाचली. काय नाय सोरला तिनी. तुजी पेन फुटली तो पन वाचला."

क्षिप्रा, मी तुला लिहिलं. आत्याला नाही सांगितलं. सव्वा वर्ष एका खोलीत राहतोय, तिच्या हातचं खातोय, तिला डॉक्टरकडे नेतोय, आणि सांगितलं तुला, समुद्रापलीकडे. हे तुला वाचता वाचता कळलं असणार. म्हणून आलीस.

मी तिच्या पायाशी बसलो. तीच बोलली.

"मना त्या दिशी कलला व्हता."

"काय कळलेलं?"

"तू पाना उलटलीस तवा आवाज हलला तुजा. मी आयकला. मना वाटला, त्या पोरीची आठवन आली असल." पत्रं एकावर एक लावली. "आनि आलीच व्हती ना रं."

तिने मला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. उठून गॅस पेटवला. मला वाढलं, स्वतः जेवली नाही. भाताला मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

मग मी पत्रं उचलून ठेवायला घेतली तेव्हा तिसऱ्याच्या मागे तुझं अक्षर दिसलं. तीन ओळी:

"वरील मजकूर श्रीमती आवडाबाई यांना संपूर्ण वाचून दाखवला. अडलेले शब्द त्यांच्याकडून विचारून घेऊन त्यांच्या बोलीत सांगितले. त्यांना समजला."

खाली डाव्या कोपऱ्यात तुझी सही, तारीख.

समजला. एवढंच. "मान्य आहे" लिहिलेलं नाहीस. उजवीकडे अंगठ्यासाठी असते तेवढी जागा कोरी सोडलीस. मी आत्याला विचारलं, तिने अंगठा मागितला का. बोलली, "मागितला नाय. बोलली, तो तुमचा तुमी ठरवा. आज नका ठरवू."

माझ्यासाठी काही निरोप ठेवलास का, हेही विचारलं. लाज सोडून. आत्या भांडी घासत होती. "तुज्यासाठी? नाय," बोलली. मग वाटी पुसता पुसता, "जाताना दारात उभी व्हती जराशी. तुजा शर्ट दोरीवर व्हता, त्याच्याकरं बघत."

दोरीवर शर्ट नव्हता, क्षिप्रा. मी बघितलं. राखाडी स्वेटर होता. तो तुझा होता हे मला माहीत होतं. तू नेलास का म्हणून विचारलं तेही खोटंच होतं. तू तो काढून नेला नाहीस.

आता हे पत्र पुरं होत आलंय. आज पाणी नाही, आत्याला घाई नाही, दारापाशी भिंतीला टेकून बसलीय. मी तिला बोललोय, लिहून झालं की आधी तुला वाचून दाखवतो, मग बघू पाठवायचं की नाही. ती बोलली, "दाव. पन दमानी."

पहिली ओळ तुझं नाव आहे. आवाज तिथेच हलणार, आणि ती ऐकणार. तरी वाचतो. पान एक एकच उलटतो.

नयन